यादीच्या पोटातील यादी



ज्या अध्यापकांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला भरते त्यांनी आपली सारी हयात बीजगणित शिकविण्यात घालविली असल्याने, संगणकाच्या ज्या एका भाषेचा उगमच मुळी बीजगणितातील एका प्रश्नातून झाला तिच्याविषयी बोलण्यास या व्यासपीठाइतके उचित स्थान दुसरे क्वचितच सापडेल. ती भाषा लिस्प. विषयाची व्याप्ती मी मुद्दामच आखूड ठेविली आहे. लिस्पची थोरवी गाणे, तिची इतर भाषांशी तुलना करणे, किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इतिहासात तिचे स्थान कोणते याचा निवाडा करणे ही कामे इतरांनी केली आहेत आणि पुढेही करतील. मला बोलावयाचे आहे ते एवढेच की, यादीला यादी कशी जोडावी, यादीच्या पोटात यादी कशी ठेवावी, आणि या दोन कृत्यांत नवशिक्याची जी हटकून गफलत होते तिचे मूळ कोठे आहे. व्याख्यानाच्या वेळी फळ्यावर काढलेल्या आकृती या छापील मजकुरात देता येत नसल्याने त्यांचे काम शब्दांवर सोपविले आहे. तसेच लिस्पमधील जे शब्द प्रत्यक्ष यंत्रावर रोमन लिपीत टंकावे लागतात ते येथे उच्चाराबरहुकूम देवनागरीत लिहिले आहेत.

1958 च्या उन्हाळ्यात जॉन मॅकार्थी हे तरुण गणिती नॅथानिएल रॉचेस्टर यांच्या निमंत्रणावरून आयबीएम कंपनीच्या संशोधन विभागात काम करीत होते, आणि तेथे नमुन्यादाखल त्यांनी जो प्रश्न हाती घेतला तो बैजिक राशींच्या अवकलनाचा होता. क्ष-वर्गाचे अवकलज काढण्यास सांगितले असता यंत्राने आकडा न देता राशीच उत्तरादाखल द्यावी, ही त्या प्रश्नाची अट. आणि राशीचा स्वभाव असा की तिच्यात कंस, त्या कंसात पुन्हा कंस, असे ते किती खोलवर जातील याचा अदमास आधी बांधता येत नाही. त्याच सुमारास प्रचारात आलेली फोर्ट्रान ही भाषा आकड्यांची कोष्टके हाताळण्यात वाकबगार होती खरी, परंतु कोष्टकाची लांबी-रुंदी प्रारंभीच जाहीर करावी लागे, आणि ज्या वस्तूची खोली अगोदर ठाऊक नाही तिची सोय अशा कोष्टकात होण्यासारखी नव्हती. यादीची कल्पना नेवेल, शॉ आणि सायमन या त्रयीने आपल्या आयपीएल नामक भाषेत राबविली होती व 1956 साली डार्टमथ येथे भरलेल्या उन्हाळी परिषदेत ती मॅकार्थींच्या नजरेस आली होती. कल्पना त्यांना पसंत पडली, भाषेचे रूप मात्र पसंत पडले नाही, कारण तीत यंत्राला एकामागून एक सुटे हुकूम सोडावे लागत आणि बीजगणितात एका पदावलीच्या पोटात दुसरी पदावली जशी सहज बसते तशी ती तेथे बसत नसे.

या अडचणीवर तोड निघाली ती एका आडवाटेने. आयबीएममध्येच हर्बर्ट गेलर्न्टर आणि कार्ल गर्बरिच हे दोघे भूमितीची प्रमेये सिद्ध करणारा प्रोग्रॅम रचीत होते व त्यासाठी त्यांनी फोर्ट्रानला याद्यांची जोड दिली होती. यादीत नवा घटक घालण्याची जी क्रिया, जिला पुढे कॉन्स हे नाव पडले, ती केवळ 'अमुक जागी अमुक ठेव' असा हुकूम न राहता तिने नव्या जागेचा पत्ता आपले उत्तर म्हणून परत द्यावा, ही गोष्ट या दोघांच्या ध्यानात आली, आणि मॅकार्थींनी आपल्या आठवणींत तिचे श्रेय त्यांना मोकळेपणाने दिले आहे. ऐकताना ही सुधारणा क्षुल्लक वाटते. परंतु क्रियेला उत्तर मिळाले की ते उत्तर दुसऱ्या क्रियेच्या हाती देता येते, दुसरीचे तिसरीच्या, आणि अशा रीतीने यादीच्या आत यादी रचण्यासाठी मधल्या कोणत्याही पायरीला नाव देण्याची गरज उरत नाही. कंसात कंस घातला की काम भागते. लिस्पच्या इतिहासात याहून अधिक गाजलेले प्रसंग आहेत. स्टीव्ह रसेल यांनी मॅकार्थींनी कागदावर मांडलेले, पदावलीची किंमत काढणारे ईव्हॅल हे फंक्शन हाताने यंत्रभाषेत उतरविले आणि स्वतः मॅकार्थींना अनपेक्षित असा लिस्पचा इंटरप्रीटर एकाएकी उभा राहिला, ही कथा सर्वतोमुखी आहे. माझ्या मते मात्र खरा पाया घातला गेला तो कॉन्सला उत्तर मिळाले त्या दिवशीच.

1958 च्याच शरदात एमआयटी येथे मॅकार्थी आणि मार्विन मिन्स्की यांनी संस्थेकडे एक खोली, दोन प्रोग्रॅमर, एक सचिव आणि एक की-पंच यंत्र एवढी मागणी केली. ती मान्य करताना वर सहा पदव्युत्तर विद्यार्थीही त्यांच्या पदरी घालण्यात आले. इतक्या तुटपुंज्या सरंजामावर उभी राहिलेली ही भाषा 1960 च्या एप्रिलमध्ये मॅकार्थींच्या सुप्रसिद्ध निबंधाद्वारे विद्वज्जगतापुढे आली.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू, कारण नवशिक्याच्या साऱ्या शंकांचे उत्तर तेथे आहे. लिस्प जेथे प्रथम उभी राहिली त्या आयबीएम 704 या यंत्राच्या स्मृतीतील प्रत्येक शब्द 36 बिटांचा असे. त्यात 15-15 बिटांचे दोन मोठे भाग, एक ॲड्रेस आणि दुसरा डिक्रिमेंट या नावाचा, आणि उरलेल्या 6 बिटांत 3-3 बिटांचे दोन लहान भाग. 15 बिटांत 32,768 जागांचे क्रमांक मावतात, आणि त्या यंत्राची स्मृती वाढवून वाढवून तितक्याच शब्दांची होत असे. सबब एका शब्दात स्मृतीतील कोणत्याही दोन जागांचे पत्ते सुखाने राहू शकत. लिस्पची यावत् इमारत या एका सोयीवर उभी आहे. कॉन्स ही क्रिया मोकळ्या जागांतून एक शब्द उचलते व त्याच्या दोन भागांत दोन पत्ते लिहिते. ॲड्रेस भागात काय आहे ते सांगणारे फंक्शन कार, आणि डिक्रिमेंट भागात काय आहे ते सांगणारे कुडर. ते यंत्र केव्हाच मोडीत निघाले; कॉमन लिस्प या लिस्पच्या शाखेच्या 1994 सालच्या प्रमाण ग्रंथात फर्स्ट आणि रेस्ट अशी सुबोध नावेही दाखल झाली आहेत; तरी कार आणि कुडर यांची वहिवाट सुटलेली नाही, कारण कुडरच्या कारला कॅडर असे एका दमात म्हणता येते आणि ही सवलत सोडण्यास कोणी राजी नाही.

अशा दोन पत्त्यांच्या शब्दाला लिस्पवाले कॉन्स-सेल म्हणतात; मी त्याला 'जोडी' म्हणतो, आणि त्याच्या दोन भागांना डावे अंग व उजवे अंग. यादी म्हणजे जोड्यांची माळ: प्रत्येक जोडीच्या डाव्या अंगाला एक घटक, उजव्या अंगाला पुढच्या जोडीचा पत्ता, आणि शेवटच्या जोडीच्या उजव्या अंगाला निल, म्हणजे रिकामी यादी. (अ ब क) ही यादी तीन जोड्यांची. आता डाव्या अंगाला एखाद्या चिन्हाऐवजी दुसऱ्या जोडीचा पत्ता लिहिला, तर तेथे यादीच्या पोटात यादी आली. याहून निराळी अशी कोणतीही करामत पोटयादीत नाही. फळ्यावर मी (अ (ब क) ड) ही यादी काढून दाखविली. वरच्या रांगेत तीन जोड्या. मधल्या जोडीच्या डाव्या अंगातून एक बाण खाली उतरतो आणि तेथे ब आणि क यांच्या दोन जोड्यांची रांग लागते. एकूण जोड्या पाच. ही गणती तोंडी करता येते: कोणत्याही पातळीवरचा प्रत्येक घटक, मग तो चिन्ह असो, आकडा असो वा पोटयादी, आपल्यासाठी बरोबर एक जोडी मागतो. रिकाम्या यादीला एकही जोडी लागत नाही, परंतु रिकामी यादी जिच्या पोटात आहे त्या (निल) या यादीला एक लागते, आणि या दोहोंना एकच समजणारा विद्यार्थी पुढे कोठे ना कोठे अडखळतो.

नवशिक्याची तक्रार सामान्यतः अशी असते की कॉन्स, लिस्ट आणि अपेंड ही तिन्ही फंक्शने याद्या जोडतात, मग कोणत्या प्रसंगी कोणते वापरावे? पुस्तकातील उदाहरणे तो पाठ करतो, उत्तरातील कंस न्याहाळतो, आणि मनाजोगते कंस येईपर्यंत एकामागून एक फंक्शन लावून पाहतो. ही पद्धत मला सर्वथा त्याज्य वाटते. कंस हे छापखान्याचे काम आहे. जोड्या हे यंत्राचे काम आहे. आणि यंत्र काय करते ते कळल्यावाचून छापलेले वाचता येत नाही. तिन्ही फंक्शनांना त्याच दोन याद्या देऊन पाहा; यादीपूर्वीचे एकेरी अवतरणचिन्ह 'हा मजकूर जसाच्या तसा घे' एवढेच सांगते.

(कॉन्स '(अ ब) '(क ड)) → ((अ ब) क ड)
(लिस्ट '(अ ब) '(क ड)) → ((अ ब) (क ड))
(अपेंड '(अ ब) '(क ड)) → (अ ब क ड)

पहिल्या ओळीत यंत्राने नवी जोडी केली ती एकच: तिच्या डाव्या अंगाला पहिल्या यादीचा पत्ता, उजव्या अंगाला दुसऱ्या यादीचा. दुसरी यादी जेथल्या तेथे राहिली आणि नव्या यादीची शेपूट बनली. पहिली यादी तिच्या डोक्याशी पोटयादी होऊन बसली. दुसऱ्या ओळीत नव्या जोड्या दोन, दिलेल्या प्रत्येक वस्तूस एक. दोन्ही याद्या डाव्या अंगांना लागल्यामुळे दोन्हींचे कंस शाबूत राहिले. तिसऱ्या ओळीत नव्या जोड्या पुन्हा दोनच, परंतु त्या निराळ्या कारणासाठी: पहिल्या यादीतील प्रत्येक जोडीची नक्कल करून शेवटच्या नकलेच्या उजव्या अंगाला दुसऱ्या यादीचा पत्ता जोडला. नक्कल केली ती पहिल्या यादीला धक्का लागू नये म्हणून. दुसरीची नक्कल करण्याचे कारणच पडत नाही. एवढे ध्यानात आले की पुढील चमत्कारिक उत्तरे चमत्कारिक राहत नाहीत. (कॉन्स '(अ ब) निल) याचे उत्तर ((अ ब)), कारण एक जोडी अवश्य झाली, (अपेंड '(अ ब) निल) याचे उत्तर (अ ब), कारण निलने मागे जोडण्यासारखे काहीच आणले नाही, आणि (कॉन्स 'अ 'ब) याचे उत्तर (अ . ब), कारण उजव्या अंगाला यादी नव्हे तर सुटे चिन्ह येऊन बसले आणि ही अनियमितता जाहीर करण्यासाठी लिस्पला टिंब छापावे लागले.

मॅकार्थींच्या मूळ प्रश्नाकडे आता परत जाता येईल. गुणाकाराच्या अवकलनाचा नियम महाविद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतो: पहिला गुणिले दुसऱ्याचे अवकलज, अधिक दुसरा गुणिले पहिल्याचे अवकलज. दोन अवयवांना प आणि फ, व अवकलज काढणाऱ्या फंक्शनाला अवकल म्हटले, तर लिस्पमध्ये हा नियम असा लिहिला जातो:

(लिस्ट '+ (लिस्ट '* प (अवकल फ)) (लिस्ट '* फ (अवकल प)))

प म्हणजे (+ क्ष 5) आणि फ म्हणजे क्ष असे धरू. उत्तर येते ते असे: (+ (* (+ क्ष 5) 1) (* क्ष (+ 1 0))). त्यात 1 ने गुणणे आणि 0 मिळविणे हा फापटपसारा आहे, आणि तो झाडून काढणे हे स्वतंत्र काम असल्याने येथे सोडून देतो. पाहण्यासारखा आहे तो जोड्यांचा हिशेब. छापलेल्या उत्तरात सर्व पातळ्यांवर मिळून पंधरा घटक आहेत, म्हणजे जोड्या पंधरा. परंतु त्यांतील नव्या केवळ बारा. (+ क्ष 5) या पोटयादीच्या तीन जोड्या मूळ राशीतीलच आहेत. उत्तराने त्यांचा फक्त पत्ता घेतला आहे. मूळ राशी आणि तिचे अवकलज या दोन याद्या स्मृतीत एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि जोपर्यंत कोणी जोडीच्या अंगात ढवळाढवळ करीत नाही तोपर्यंत या गुंतागुंतीची बाधा कोणालाही होत नाही.

आता याच ठिकाणी विद्यार्थ्याने लिस्टऐवजी कॉन्स वापरले अशी कल्पना करा. (कॉन्स '* (कॉन्स प (अवकल फ))) असे त्याने लिहिले. फ चे अवकलज 1 असता उत्तर (* (+ क्ष 5) . 1) असे येते. टिंब दिसते, विद्यार्थी चमकतो, चूक सापडते. पण दुसऱ्या पदात हाच प्रमाद झाला तर? तेथे अवकलज (+ 1 0) ही यादी आहे, ती उजव्या अंगाला लागली की तिचे कंस नाहीसे होतात आणि उत्तर (* क्ष + 1 0) असे छापले जाते. येथे टिंब नाही, तक्रार नाही. नीटनेटकी पाच घटकांची यादी आहे, आणि ती साफ चुकीची आहे. पहिली चूक बोलकी व दुसरी मुकी, आणि मुक्या चुकीचा शोध कंस न्याहाळून लागत नाही. शेवटचा घटकही घटकच असतो, त्याला आपली जोडी आणि त्या जोडीच्या उजव्या अंगाला निल हवाच, हे ज्याला पटले त्याने (कॉन्स '* (कॉन्स प (कॉन्स (अवकल फ) निल))) असे लिहिले असते. आणि लिस्ट हे फंक्शन म्हणजे या लांबलचक लेखनाचा संक्षेप, दुसरे काही नाही.

कोणी म्हणेल की राशींचे अवकलन हा विद्वानांचा खेळ झाला, रोजच्या पोटापाण्याच्या व्यवहारात याचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो आपल्या अगदी शेजारी आहे. घरांचे व पुलांचे नकाशे काढणाऱ्या कचेऱ्यांत ऑटोकॅड हा प्रोग्रॅम सर्रास वापरला जातो, आणि त्याच्या पोटात 1986 पासून ऑटोलिस्प नावाची लिस्पची एक धाकटी शाखा नांदत आहे; पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतील ज्या ड्राफ्ट्समनने आपले कंटाळवाणे काम वाचविण्यासाठी चार ओळी लिहिल्या त्याने, नकळत का होईना, मॅकार्थींचेच शागीर्दपण पत्करले. ऑटोकॅड नकाशातील प्रत्येक रेघेची, वर्तुळाची आणि अक्षराची नोंद पोटयाद्यांच्या यादीत ठेवतो, आणि प्रत्येक पोटयादीच्या डोक्याशी एक सांकेतिक आकडा असतो: 0 म्हणजे वस्तूचा प्रकार, 8 म्हणजे लेयर, 10 म्हणजे आरंभबिंदू किंवा केंद्र, 40 म्हणजे वर्तुळाची त्रिज्या. वर्तुळ काढावयाचे तर अशी यादी रचून द्यावी लागते:

(लिस्ट (कॉन्स 0 "सर्कल") (कॉन्स 10 केंद्र) (कॉन्स 40 त्रिज्या))

बाहेर लिस्ट आणि आत कॉन्स, असे का, हा प्रश्न येथे प्रत्येक शिकाऊ विचारतो, आणि 'असेच लिहितात' हे उत्तर त्याला बहुधा मिळते. त्रिज्या 2.5 असता (कॉन्स 40 त्रिज्या) ही एकच जोडी होऊन (40 . 2.5) अशी टिंबासह छापली जाते. केंद्र मात्र स्वतःच (3.0 4.0 0.0) अशी तीन आकड्यांची यादी आहे, त्यामुळे (कॉन्स 10 केंद्र) हीही एकच नवी जोडी असली तरी तिचे उजवे अंग यादीकडे बोट दाखविते आणि छापताना (10 3.0 4.0 0.0) असे टिंबविरहित रूप दिसते. क्रिया एक, जोडी एक, रूपे दोन. टिंबाकडे पाहून नियम शोधणारा येथे हमखास फसतो, (लिस्ट 10 केंद्र) असे लिहून (10 (3.0 4.0 0.0)) ही यादी तो यंत्रापुढे ठेवतो आणि यंत्र ती नामंजूर करते. नोंद वाचण्याचा कायदाही तोच आहे: 10 या आकड्याची पोटयादी हुडकून तिचा कुडर घ्यावा, म्हणजे बिंदू सबंध हाती येतो, 40 च्या जोडीचा कुडर घ्यावा, म्हणजे त्रिज्या हाती येते. दोन्हीकडे कुडर पुरतो ही मूळ रचनाकारांनी केलेली सोय आहे, आणि मला तिचे कौतुक वाटते.

याच कचेऱ्यांत आढळणारी दुसरी चूक कोटची. एकेरी अवतरणचिन्ह लावले की पुढील मजकूर जसाच्या तसा घ्यावा, त्याची किंमत काढू नये, असा लिस्पला हुकूम होतो. '(3.0 4.0) असे लिहिणे रास्त आहे. पण कोणी '(क्ष य) असे लिहून त्यातून क्ष आणि य यांच्या किमतींचा बिंदू मिळेल अशी अपेक्षा केली तर त्याला मिळतात ती दोन नावे, आकडे नव्हेत. आकडे हवे असल्यास (लिस्ट क्ष य) असेच लिहिले पाहिजे. शिवाय कोट नवी जोडी करीत नाही, हेही ध्यानात ठेवावे. लिस्ट प्रत्येक वेळी ताज्या जोड्या देते; कोटने दिलेली यादी प्रोग्रॅमच्या मजकुराचाच भाग असते आणि प्रत्येक वेळी तीच ती पुढे येते.

या शेवटच्या गोष्टीचे गांभीर्य अपेंडच्या भावंडाची गाठ पडल्यावर कळते. अपेंड पहिल्या यादीची नक्कल करते, त्यात जागा खर्ची पडते; हा खर्च वाचविण्यासाठी एनकॉन्क नावाचे फंक्शन आहे, ते नक्कल न करता पहिल्या यादीच्या शेवटच्या जोडीचे उजवे अंगच बदलून टाकते. यादी आपण स्वतः नुकतीच केलेली असेल तर हरकत नाही. परंतु कोटने आलेल्या यादीवर हा प्रयोग केला तर प्रोग्रॅमचा मजकूरच बदलण्याचा तो यत्न ठरतो, आणि कॉमन लिस्पच्या प्रमाण ग्रंथाने अशा कृत्याच्या परिणामांची हमी घेतलेली नाही. प्रत्यक्षात पुष्कळदा असे होते की पहिल्या वेळी दोन घटक परत देणारे फंक्शन दुसऱ्या वेळी चार देते, तिसऱ्या वेळी सहा, आणि लिहिणारा आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा की नाही या विवंचनेत पडतो. आणि एखादी यादी तिच्याच शेपटीला एनकॉन्कने जोडली तर ती वर्तुळाकार होते व छापावयास घेतल्यास तिचा अंत लागत नाही.

अपेंडचा खर्च हाही नुसता तात्त्विक विषय नव्हे. हजार घटकांची यादी क्रमाने रचावयाची असता नवशिक्या प्रत्येक नवा घटक (अपेंड यादी (लिस्ट घटक)) असे लिहून शेवटी जोडतो. पहिल्या खेपेस काहीच नक्कल नाही, दुसऱ्या खेपेस एका जोडीची, तिसऱ्या खेपेस दोन जोड्यांची, असे करता करता हजाराव्या खेपेस नऊशे नव्याण्णव; नकलांची बेरीज 4,99,500, आणि घटकांच्या स्वतःच्या जोड्या 1,000 धरून 5,00,500. यांतील उपयोगी पडल्या त्या अखेरच्या हजार, बाकीच्या फुकट गेल्या. मॅकार्थींच्या यंत्राच्या सबंध स्मृतीच्या ही संख्या पंधरापटींहून अधिक भरते. तसे म्हटले तर टाकून दिलेल्या जोड्या आपोआप गोळा करून पुन्हा वापरात आणण्याची तजवीज मॅकार्थींनीच 1960 च्या निबंधात मांडली, आणि तिच्या बळावर असा उधळा प्रोग्रॅमही तग धरून राहतो. म्हणून उधळपट्टी क्षम्य होत नाही. जाणता लिहिणारा प्रत्येक घटक कॉन्सने डोक्याशी जोडीत जातो आणि सारे जोडून झाल्यावर यादी एकदाच उलटी करतो: हजार जोड्या रचताना आणि फार तर हजार उलटताना.

नक्कलही दोन प्रकारची असते, याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कॉपी-लिस्ट केवळ वरच्या रांगेतील जोड्यांची नक्कल करते, पोटयाद्या दोन्ही याद्यांच्या सामाईक राहतात. कॉपी-ट्री तळापर्यंत उतरून प्रत्येक जोडी नवी करते. (अ (ब क) ड) या यादीसाठी पहिलीला तीन जोड्या लागतात, दुसरीला पाच, आणि वर फळ्यावर काढलेली आकृती ज्याला आठवते त्याला हा फरक निराळा शिकवावा लागत नाही.

राहता राहिला बॅकक्वोट. खोल पोटयाद्या लिस्टने रचू गेले की लिस्ट हा शब्द इतक्या वेळा येतो की मूळ आकार नजरेआड होतो. यावर 1970 नंतरच्या लिस्पमध्ये रूढ झालेला उपाय असा की सबंध यादी जशी दिसावयास हवी तशीच लिहावी, तिच्यापूर्वी उलटे अवतरणचिन्ह द्यावे, आणि ज्या जागी किंमत भरावयाची तेथे स्वल्पविराम ठेवावा. तर्कशास्त्रज्ञ क्वाइन यांनी 1940 साली आपल्या ग्रंथात जी अर्ध-अवतरणाची युक्ती योजिली होती तिच्याशी या कल्पनेचे जवळचे नाते आहे. गुणाकाराचा आपला नियम या पद्धतीने असा होतो:

`(+ (* ,प ,(अवकल फ)) (* ,फ ,(अवकल प)))

कचेरीतील छापील अर्जाचा नमुना आणि त्यातील रिकाम्या जागा, असा हा प्रकार आहे. मजकूर तयार, नाव-गाव तेवढे भरावयाचे. स्वल्पविरामाला जोडून @ हे चिन्ह लिहिले तर येणारी यादी आपले बाहेरचे कंस उतरवून आजूबाजूच्या घटकांत मिसळते. समजा म ची किंमत (ब क) आहे; `(अ ,म ड) याचे उत्तर (अ (ब क) ड), आणि `(अ ,@म ड) याचे उत्तर (अ ब क ड). पहिल्यात लिस्टचा न्याय आहे, दुसऱ्यात अपेंडचा. म्हणजे जे दोन प्रश्न प्रारंभी होते तेच येथे दोन चिन्हांच्या रूपाने पुन्हा उभे राहिले. लिस्पचा प्रोग्रॅम स्वतःच पोटयाद्यांची यादी असल्यामुळे प्रोग्रॅम लिहिणारे प्रोग्रॅम, ज्यांना मॅक्रो म्हणतात, ते मुख्यतः याच नमुन्यांवर चालतात. ऑटोलिस्पमध्ये मात्र बॅकक्वोट नाही. तेथील मंडळींना लिस्ट आणि कॉन्स यांच्यावरच सारा गुजारा करावा लागतो, आणि मला तर वाटते की त्यांत त्यांचे नुकसान होण्यापेक्षा शिक्षणच अधिक होते.

शिकविणाऱ्यांपुढे एक विनंती करून माझे भाषण पुरे करतो. हल्ली पुष्कळ ठिकाणी लिस्पचा पाठ बॅकक्वोटपासून किंवा लिस्टपासून सुरू होतो, कारण त्यांतून यादी चटकन दिसते आणि विद्यार्थी खूष होतो. हा क्रम उलटा आहे. आधी कॉन्स, आणि तोही यंत्रावर नव्हे तर कागदावर, चौकोन काढून व बाण ओढून. मग लिस्ट, कॉन्सचा संक्षेप म्हणून. मग अपेंड, कोणत्या जोड्यांची नक्कल झाली आणि कोणत्या सामाईक राहिल्या याचा हिशेब मांडून. आणि या तिन्हींत हात बसल्यावरच बॅकक्वोट. परीक्षेत उत्तरातील कंस विचारू नयेत. नव्या जोड्या किती झाल्या ते विचारावे.